सोलापूरच्या उन्हाळ्यात टिकेल असा गेमिंग पीसी अपग्रेड

रायझन ५ २६०० सीपीयू, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबीची एकच रॅम, जीटीएक्स १६५० ग्राफिक कार्ड आणि कॅबिनेटसोबत फुकटात आलेला एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा). २०१९-२०च्या सुमारास असेंबल करून घेतलेला असा पीसी अजून बऱ्याच घरांत आहे. नवे गेम अडखळायला लागले की सगळ्यांची नजर आधी ग्राफिक कार्डावर जाते. पुण्यात ते चालून जाईल. सोलापुरात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर असतो, लाईट कधी जाईल आणि व्होल्टेज कधी पडेल याचा नेम नसतो. इथे आधी वीज, मग हवा आणि शेवटी कार्ड, हा क्रम धरा.

पहिलं काम अर्थिंगचं. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही असं समजा. एसएमपीएसमधल्या फिल्टरचे कपॅसिटर गळकी वीज अर्थमध्ये सोडतात. अर्थच नसला की ती पत्र्यावर येते, साधारण निम्म्या व्होल्टेजने. वायरमनला बोलावून मल्टिमीटर लावायला सांगा. फेज-अर्थ २३०च्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. फेज-अर्थ शंभर-दीडशेच दाखवत असेल तर पॉइंटमध्ये अर्थची वायर नुसती लोंबकळते आहे किंवा मुळात ओढलेलीच नाही. हे काम झाल्याशिवाय नवं काहीही बसवू नका.

एसएमपीएसवर ५०० वॅट छापलं म्हणून तेवढे मिळतात असं नाही. बाजूचं लेबल वाचा आणि १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर लिहिलेत ते बघून त्याला १२ ने गुणा. खरे वॅट तेच. स्थानिक बनावटीच्या बऱ्याच डब्यांत हा आकडा छापील दाव्याच्या पुष्कळ खाली असतो. ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवतो याचं प्रमाणपत्र) आणि पाच वर्षांची वॉरंटी असलेला घ्या. मॉड्युलर असेल तर जुन्या एसएमपीएसच्या केबल नव्याला लावू नका. टोकं बसतात, पण पिनांची मांडणी वेगळी असू शकते आणि एसएसडी क्षणात जळते.

यूपीएसचाही हिशोब मांडा. ६०० व्हीएच्या यूपीएसमधून साधारण ३६० वॅट मिळतात. गेम चालू असताना रायझन ५ ५६०० सीपीयू आणि आरएक्स ६६०० कार्ड असलेला पीसी मॉनिटरसकट तीनशेच्या घरात जातो. कागदावर हे बसतं, पण लाईट जाते त्याच क्षणी कार्डाने झटका घेतला की यूपीएस ट्रिप होतो. त्यामुळे १००० व्हीए घ्या. त्यातली बॅटरी शिसं-आम्लाची असते. २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं, म्हणून यूपीएस खिडकीखाली किंवा पत्र्याच्या भिंतीला लावून ठेवू नका. घरच्या इन्व्हर्टरवर पीसी असेल तर मागचं बटण ‘यूपीएस’ मोडवर हवं. साध्या मोडमध्ये तो वीज उचलायला वेळ लावतो, तोवर पीसी रिस्टार्ट होऊन जातो.

आता हवा. नोव्हेंबरात खोली २६ अंशांवर असताना कार्ड ६८ दाखवत असेल, तर मेमध्ये ३८ अंशांच्या खोलीत तेच कार्ड ८० वर जाणार. पंखा खोलीपेक्षा थंड हवा कुठून आणणार? पुढे काच असलेली देखणी कॅबिनेट म्हणूनच इथे घेऊ नये. पुढे जाळी, १२० मिमीचे दोन पंखे आत ओढणारे आणि मागे एक बाहेर फेकणारा, एवढं पुरतं. आत येणारी हवा जास्त ठेवली की फटींतून धूळ कमी शिरते. रंगीत दिव्यांचे पैसे फिल्टरवर घाला.

शहराच्या पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीजवळ, जिथे माग चालतात, तिथली धूळ वेगळीच. चादरी-टॉवेलांच्या सुताचे बारीक तंतू पंखा आणि हीटसिंकच्या (सीपीयूची उष्णता ओढणाऱ्या धातूच्या पात्यांच्या) मधे साचून नमद्यासारखा थर धरतात. बाहेरून पंखा स्वच्छ दिसतो आणि सीपीयू ९० वर! ब्लोअर मारला तर थर आणखी आत दबतो. पंख्याचे स्क्रू काढा, थर चिमटीने उचला, उरलेलं मऊ ब्रशने झाडा आणि मगच ब्लोअर मारा. तेव्हा पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर बेअरिंग खराब होतं. डेझर्ट कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर नको. शिंतोडे उडतात आणि ओली धूळ पत्र्याला चिकटून बसते.

एवढं झाल्यावर कार्ड हवंय की सीपीयू ते तपासा. आफ्टरबर्नर (कार्ड आणि सीपीयू किती टक्के राबतायत ते दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून अर्धा तास गेम खेळा. कार्ड ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्ड कमी पडतंय. कार्ड ६०-७० टक्क्यांवर आणि तरी झटके बसत असतील तर दोष सीपीयूचा किंवा रॅमचा. रॅमच्या एकाच पट्टीवर असाल तर आधी ८ जीबीच्या दोन, ३२०० वेगाच्या घ्या आणि बोर्डावर चार स्लॉट असतील तर सीपीयूपासून मोजून दुसऱ्या व चौथ्या स्लॉटमध्ये बसवा. बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम छापील वेगावर चालवणारा पर्याय, चालू करायला विसरू नका, नाहीतर ती २४०० किंवा त्याहून कमी वेगावर चालत राहील. टास्क मॅनेजरमध्ये हा वेग दिसतो.

सीपीयू ५६०० घ्यायचा तर बायोस आधी अपडेट करा, तेही जुना सीपीयू बसलेला असताना. नवा लावून मग अपडेट करू म्हणाल तर स्क्रीनच येणार नाही. बोर्ड कंपनीच्या साइटवर सीपीयूच्या यादीत कोणती आवृत्ती लागते ते पाहून पेन ड्राइव्हवर घ्या. हे काम यूपीएसवरच करा, अर्ध्यात लाईट गेली तर बोर्ड दगड होतो. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं फीचर) चालू असेल तर आधी बंद करा, कारण सीपीयू बदलला की त्या कुलपाची किल्ली सांभाळणारा टीपीएमही बदलतो आणि विंडोज रिकव्हरी की मागत बसतं.

एएम४ चा (या सीपीयूंच्या सॉकेटचा) कूलर सरळ वर ओढू नका. कूलर आणि सीपीयूमधल्या वाळलेल्या थर्मल पेस्टमुळे सीपीयू सॉकेटचा लीव्हर बंद असतानाच उपटून येतो आणि पिना वाकतात. दहा मिनिटं गेम चालवून पेस्ट गरम करा, पीसी बंद करून प्लग काढा, कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवा, सुटला की उचला. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. सोनेरी त्रिकोण जुळवून सीपीयू ठेवा, तो स्वतःच्या वजनाने खाली बसला पाहिजे; दाबावा लागला तर काहीतरी चुकतंय. नवी पेस्ट मटाराच्या दाण्याएवढी पुरे.

एम.२ एसएसडी (थेट बोर्डावर बसणारी पट्टी) लावण्याआधी बोर्डाचं मॅन्युअल उघडा. कित्येक बोर्डांवर ती लावली की साटाचे (हार्ड डिस्कच्या केबलचे) एक-दोन पोर्ट बंद पडतात आणि हार्ड डिस्क गेली म्हणून लोक घाबरतात. विंडोज नव्यानेच टाका. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. २६०० किंवा ५६०० वर विंडोज ११ चालतं, फक्त बायोसमध्ये एफटीपीएम (सीपीयूतला टीपीएम) आणि सिक्युअर बूट चालू हवं.

कार्डात आरएक्स ६६०० (१३२ वॅट), आरटीएक्स ४०६० (११५ वॅट) किंवा १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० (१७० वॅट) १०८० पी ला पुरेसं आहे. आरएक्स ६५०० एक्सटी मात्र बी४५० वर घेऊ नका. ते बोर्डाशी चारच लेनवर (डेटाच्या वाटांवर) बोलतं आणि जुन्या पीसीआय एक्सप्रेस ३.० वर त्याचा दम निघतो. वापरलेलं कार्ड घेताना विक्रेत्याकडेच पंधरा मिनिटं लोडवर चालवून बघा. सरासरी तापमान आणि हॉटस्पॉट (चिपवरची सगळ्यात गरम जागा) यांत पंचवीस अंशांहून जास्त फरक असेल तर पेस्ट संपलीय, भाव पाडून मागा. बसवल्यावर एनव्हिडिया (आरटीएक्स) कार्डाची पॉवर लिमिट, म्हणजे वीज खाण्याची मर्यादा, आफ्टरबर्नरमधून ८० टक्क्यांवर आणा आणि फ्रेम मॉनिटरच्या हर्ट्‌झवर बांधा. फ्रेम थोड्याच घटतात, उन्हाळ्यातला गोंगाट मात्र बराच उतरतो.

पहिल्यांदा चालू करताना काळी स्क्रीन दिसली तर मिनिटभर थांबा, बोर्ड रॅमची ओळख करून घेत असतो. तरी काही नाही आलं तर मॉनिटरची केबल बोर्डात आहे की कार्डात ते बघा, मग सीपीयूजवळची आठ पिनांची केबल, मग रॅम काढून परत ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबा. शेवटी प्लग काढून बोर्डावरचा सीआर२०३२ सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा. गेममध्ये मधेच रिस्टार्ट होत असेल तर व्होल्टेज स्थिर असताना यूपीएस वगळून थेट भिंतीच्या पॉइंटवर लावून पाहा. थांबलं तर यूपीएस कमी पडतोय, नाही थांबलं तर एसएमपीएस बदला.