ओमानच्या सरकारी आरोग्य केंद्रातील औषध भांडार : नाशिकहून जाणाऱ्या नव्या फार्मासिस्टांसाठी

नाशिकमध्ये बी. फार्म. पूर्ण करून आखातात जाण्याची तयारी करणारे विद्यार्थी भेटतात, तेव्हा त्यांचे प्रश्न बहुधा परवाना परीक्षा, पगार आणि व्हिसा यांच्यापलीकडे जात नाहीत. ओमानच्या आरोग्य मंत्रालयाच्या, निझवा परिसरातील एका आरोग्य केंद्रात मी काही वर्षे काम केले. तेथे फार्मासिस्टची खरी कसोटी खिडकीवर औषध देण्यात लागत नाही. पुढील तीन महिन्यांत कोणते औषध किती लागेल, हे आज ठरवण्यात लागते. आपल्याकडे दुकानातले एखादे औषध संपले, तर गोळे कॉलनीतल्या होलसेलरला फोन करायचा आणि संध्याकाळपर्यंत माल हजर, ही सवय अंगवळणी पडलेली असते. सरकारी केंद्रात असा होलसेलर नसतो. माल मस्कतच्या मध्यवर्ती व्यवस्थेतून प्रांताच्या भांडारात आणि तेथून ठरलेल्या वेळापत्रकाने केंद्रात येतो. मधल्या काळात जे मागवायचे राहिले, ते रुग्णाला मिळत नाही.

कागदपत्रांविषयी थोडक्यात सांगतो. महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलची नोंदणी आणि कौन्सिलचे गुड स्टँडिंग (तक्रार वा कारवाई नसल्याचे) प्रमाणपत्र, पदवी व अनुभवाच्या दाखल्यांची डेटाफ्लो या पडताळणी कंपनीमार्फत होणारी तपासणी, परवाना परीक्षा आणि अपोस्टिल (कागदपत्रे परदेशात ग्राह्य धरण्यासाठीचा सरकारी शिक्का) हे टप्पे आहेत. अनुभवाच्या दाखल्यावरील तारखा आणि कौन्सिलच्या नोंदणीची तारीख यांत विसंगती असेल, तर पडताळणी अडते, म्हणून दाखला हातात पडताच तो तपासावा. नोकरी लावून देणारा एजंट भारत सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणीकृत आहे का, हे पाहिल्याशिवाय कोणालाही पैसे देऊ नयेत; सेवाशुल्काची कायदेशीर मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढीच आहे. स्थानिक पदवीधरांना प्राधान्य देण्याचे ओमानचे धोरण असल्याने बाहेरच्यांसाठी जागा पूर्वीइतक्या राहिलेल्या नाहीत, हेही मनात धरूनच अर्ज करावा.

आता मुख्य कामाकडे येतो. मागणीपत्र भरताना नवखा माणूस मागील सहा महिन्यांत वाटलेल्या गोळ्यांना सहाने भागतो आणि तोच मासिक सरासरी खप धरतो. समजा, मधुमेहावरील मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅमच्या २७,००० गोळ्या सहा महिन्यांत वाटल्या गेल्या, तर सरासरी ४,५०० निघते. परंतु त्यातील एक महिना ती गोळी केंद्रात शिल्लकच नसेल, तर २७,००० गोळ्या प्रत्यक्षात पाच महिन्यांत गेल्या आणि खरा खप ५,४०० आहे. ही दुरुस्ती न करणारे केंद्र दर वेळी थोडे कमी मागवते, त्यामुळे पुन्हा तुटवडा होतो, तुटवड्यामुळे नोंदलेला खप आणखी घटतो आणि पुढची मागणी त्याहून कमी होते. कागदोपत्री सर्व हिशेब चोख दिसत असतो, म्हणूनच हा दोष लवकर ध्यानात येत नाही.

माल येण्यास लागणारा एक महिना, दोन मागण्यांमधील एक महिना आणि राखीव म्हणून एक महिना असे धरले, तर वरील उदाहरणात १६,२०० गोळ्यांची तरतूद हवी. हाती ६,००० असतील आणि आधीच्या मागणीतले काही येणे बाकी नसेल, तर १०,२०० मागवाव्यात. ५०० गोळ्यांचा डबा असेल, तर २१ डबे. येथे एकक तपासणे अत्यावश्यक आहे, कारण काही औषधे गोळ्यांच्या संख्येत, तर काही खोक्यांच्या संख्येत मागवली जातात आणि एका रकान्यातील चुकीमुळे वर्षभर पुरेल एवढा साठा दारात येऊन पडू शकतो. ओमानच्या सरकारी केंद्रांत अल शिफा ही संगणक प्रणाली वापरली जाते. पडद्यावरील शिल्लक आणि फळीवरील शिल्लक यांचा मेळ मात्र माणसालाच मोजून घालावा लागतो. महागड्या आणि जीवनावश्यक औषधांची मोजणी दर आठवड्याला करावी, बाकीच्यांची आळीपाळीने केली तरी चालते.

मागील वर्षीचा याच महिन्याचा खप पाहून मागणी ठरवण्याची पद्धत आपल्याकडे बऱ्यापैकी चालते, कारण आपले सण अधिक मासामुळे ऋतूंना धरून राहतात. हिजरी वर्षात अशी भर नसल्याने रमजान आणि हज दर वर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतात. हजला जाणाऱ्यांनी मेनिंजायटिसची लस सौदी अरेबियात पोहोचण्यापूर्वी किमान दहा दिवस घेतलेली असावी लागते. त्यामुळे लसीची मागणी त्या वर्षीची हजची तारीख पाहून उलट मोजत आणावी लागते. ग्रेगोरियन महिन्याचा तक्ता तेथे दिशाभूल करतो. रमजानमध्ये दुपारचा डोस शक्य नसल्याने डॉक्टर दिवसातून तीनदा घेण्याच्या औषधांऐवजी एकदा किंवा दोनदा घेण्याची औषधे लिहितात, म्हणून दीर्घ परिणामाच्या गोळ्यांचा साठा आधीच वाढवून ठेवावा. धोफार प्रांतात नेमणूक झाली, तर जून ते सप्टेंबरच्या ‘खरीफ’ म्हणजे तेथील पावसाळी हंगामात सलालाला येणाऱ्या पर्यटकांची गर्दीही हिशेबात धरावी लागते. (सिंहस्थाच्या काळात नाशिकच्या सरकारी दवाखान्यात काम केलेल्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.)

साठवणुकीत उन्हाळा सर्वांत कसोटीचा. बाहेर ४५ अंशांच्या वर तापमान असताना मालाची गाडी आली, की आधी शीतपेट्या उघडून लसी, इन्सुलिन आणि ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांच्या फ्रिजमध्ये न्यावे, त्यानंतर नियंत्रित (नशेसाठी गैरवापर होऊ शकणारी) औषधे कुलपात घालावीत आणि बाकीची खोकी मागाहून पाहावीत. उष्णतेची धास्ती सर्वांनाच असते. गोठण्याची फारशी कोणी घेत नाही. हिपॅटायटिस बी किंवा धनुर्वाताची लस एकदा गोठली, की तिची शक्ती जाते आणि कुपीवरील उष्णता दाखवणाऱ्या खुणेत त्याचा काहीही पत्ता लागत नाही. म्हणून अशा कुप्या बर्फाच्या कप्प्याला टेकवून ठेवू नयेत, फ्रिजच्या दारात ठेवू नयेत आणि सुट्टीच्या दिवसांतील तापमानाच्या नोंदी डेटा लॉगर या नोंदयंत्रावरून रविवारपर्यंत न थांबता पाहाव्यात. तेथे शुक्रवार व शनिवारी सुट्टी असते आणि आठवडा रविवारी सुरू होतो.

नियंत्रित औषधांच्या बाबतीत आखाती देश आपल्यापेक्षा बरेच कडक आहेत. ट्रामाडॉल आणि कोडीन यांची नोंद, दुहेरी कुलूप, रिकाम्या अँप्यूल (इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या) परत घेणे आणि फुटलेल्या अँप्यूलची साक्षीदारासह नोंद हे सर्व वेळच्या वेळी व्हावे लागते. स्वतःच्या सामानाबद्दलही तितकेच सावध असावे. घरून कोणी कोडीनचे खोकल्याचे औषध देऊ केले, तर ते नम्रपणे नाकारावे. खसखशीवर संयुक्त अरब अमिरातीत आणि सौदी अरेबियात बंदी आहे, तेव्हा दुबईमार्गे जाणाऱ्याने आईने दिलेले अनारसेसुद्धा घरीच खाऊन निघावे.

नाशिकच्या दुकानात काम केलेल्यांना ब्रँडची नावे तोंडपाठ असतात. तेथे सारे जेनेरिक नावाने चालते. आणखी एक सापळा आकड्यांचा आहे. अरबी लिपीतील पाच हा अंक आपल्या शून्यासारखा गोल असतो आणि शून्य म्हणजे नुसता टिंब, त्यामुळे हाताने लिहिलेला डोस वाचताना देवनागरीची सवय असलेला डोळा हमखास फसतो. ओमानमध्ये जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता पुष्कळ आढळते आणि अशा रुग्णांत काही औषधांनी तांबड्या रक्तपेशी फुटतात, म्हणून नायट्रोफ्युरॅन्टोइन किंवा डॅप्सोन देण्यापूर्वी रुग्णाची ती नोंद पाहावी. औषधांखेरीज हातमोजे, सुया, ड्रेसिंग हेही भांडारातच येते. रक्तशर्करेच्या पट्ट्या मागवताना तर केंद्रात सध्या कोणत्या कंपनीचे यंत्र आहे, हे परिचारिकांना विचारूनच आकडा लिहावा. निविदा बदलून नवे यंत्र आले, की जुन्या पट्ट्या मुदत शिल्लक असूनही निरुपयोगी ठरतात. मुदत सहा महिन्यांवर आलेली औषधे शेजारच्या केंद्राला वेळीच देऊ केली, तर ती तेथे वापरली जातात. एक महिना उरल्यावर ती कोणीही घेत नाही.

वार्षिक रजेवर नाशिकला येण्यापूर्वी पुढील मागणीपत्र भरून जावे, नियंत्रित औषधांची नोंदवही बदली फार्मासिस्टसमोर मोजून दोघांच्या सह्यांनिशी सोपवावी आणि त्या पानाची प्रत स्वतःजवळ ठेवावी. परतल्यावर किल्ल्या हाती घेण्याआधीही तीच मोजणी पुन्हा करावी, मग बदलीवर आलेला माणूस कितीही ओळखीचा असला तरी.