जिवाणूच्या पेशीत परका डीएनए कसा घालावा

पदवीच्या प्रयोगशाळेत ई. कोलाय या जिवाणूच्या डीएच५-अल्फा या वाणात अॅम्पिसिलिन या प्रतिजैविकाला रोधक जनुक असलेला प्लाझ्मिड (डीएनएचे छोटे वर्तुळ) घालायचा असेल, तर कॅल्शियम क्लोराइडची पद्धत पुरेशी आहे. पेशीचे बाह्य आवरण आणि डीएनए या दोघांवरही ऋण भार असल्याने ते एकमेकांना दूर लोटतात. कॅल्शियमचे आयन हा भार झाकतात. कॅल्शियममुळे ई. कोलाय बाहेरचा डीएनए आत घेते, हे मँडेल आणि हिगा यांनी १९७० साली दाखवले.

प्रयोग फसतो तो बहुतेक वेळा पेशी तयार करतानाच. रात्रभर वाढलेले कल्चर (द्रवात वाढवलेले जिवाणू) थेट वापरले तरी चालते, हा सल्ला मुळीच ऐकू नये. ते ताज्या एलबीत (जिवाणूंच्या पोषक द्रवात) शंभरपट विरळ करावे, ३७ अंशांवर हलवत वाढवावे आणि ६०० नॅनोमीटरवरील ओडी (गढूळपणाचे माप) ०.३ ते ०.४ झाली की फ्लास्क बर्फात ठेवावा. यापुढे पेशींना ऊब लागता कामा नये. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात सावलीतही पारा ४२ अंशांना टेकतो, म्हणजे ज्या तापमानाचा धक्का पेशींना शेवटी मोजून द्यायचा, ते खोलीबाहेर भर दुपारी असते. म्हणून हे काम भल्या सकाळी उरकावे. ट्यूब, टिप्स, ०.१ मोलर कॅल्शियम क्लोराइड आणि सेंट्रिफ्यूजचा रोटर आदल्या रात्रीच थंड करून ठेवावेत. बर्फाचे मोठे खडे निरुपयोगी असतात, कारण ते ट्यूबला जेमतेम दोन-तीन जागी टेकतात. बर्फ बारीक फोडून त्यात थोडे पाणी घालावे. सेंट्रिफ्यूजमध्ये ४ अंशांवर फिरवून तळाशी बसलेल्या पेशी त्या थंडगार द्रावणात हलक्या हाताने मोकळ्या कराव्यात. व्होर्टेक्स (ट्यूब जोरात हलवणारे यंत्र) अजिबात वापरू नये. मध्येच वीज गेली, तर ट्यूब तशाच यंत्रात न ठेवता तत्काळ बर्फात हलवाव्यात.

१०० मायक्रोलिटर पेशींत १ ते ५ मायक्रोलिटर डीएनए मिसळून ३० मिनिटे बर्फात ठेवावे. नंतर ४२ अंशांवर ४५ सेकंद आणि पुन्हा २ मिनिटे बर्फात. जुन्या पद्धतीतील ९० सेकंद जाड, मोठ्या नळ्यांसाठी होते. दीड मिलिलिटरच्या पातळ ट्यूबमध्ये तेवढा वेळ देऊ नये. तापमान वॉटर बाथच्या पडद्यावर न वाचता पाण्यात बुडवलेल्या थर्मामीटरवर वाचावे.

९०० मायक्रोलिटर एलबी घालून ३७ अंशांवर तासभर हलवावे, म्हणजे रोधक प्रथिन तयार होण्यास अवधी मिळतो. मग अॅम्पिसिलिन मिसळलेल्या अगारच्या (गोठलेल्या पोषक माध्यमाच्या) प्लेटवर पसरावे.

डीएनए न घातलेल्या पेशींची एक प्लेट सोबत हवीच. तिच्यावर वसाहती (जिवाणूंचे ठिपके) उगवल्या, तर अॅम्पिसिलिन निकामी झाले आहे असे समजावे. ते बहुधा उकळत्या अगारमध्ये घातल्याने होते, म्हणून अगार ५० अंशांपर्यंत निवू द्यावा. प्लेट १६ ते १८ तासांनी पाहाव्यात. त्याहून उशीर झाल्यास खऱ्या वसाहतींभोवती बारीक उपवसाहती दिसू लागतात, आणि त्यांच्यात प्लाझ्मिड नसल्याने त्या उचलू नयेत.