लिव्हरच्या आकड्यावर पेरू नका: पेरणी यंत्र घरच्या घरी कसं जुळवायचं

मृगाच्या आधी आठ दिवस आमच्या शेडपुढे ट्रॅक्टरांची रांग लागते. निफाडहून पिंपळगावकडे जाताना रस्त्याच्या कडेलाच शेड आहे, त्यामुळे येणारा-जाणारा थांबतोच. कुणाचा फण वाकलेला, कुणाची चेन सैल, कुणाच्या नळ्या उंदरांनी कुरतडलेल्या. काम आटोपत आलं की प्रत्येक जण एकच विचारतो, "आबा, सोयाबीनला लिव्हर कितीवर ठेवू?" लिव्हर म्हणजे बी किती पडावं ते ठरवणारा दांडा. मी म्हणतो, मला माहीत नाही. गिऱ्हाईक हसतं. त्याला वाटतं म्हातारा चेष्टा करतोय, स्वतःच बनवलेलं यंत्र आणि म्हणे माहीत नाही.

पण खरंच माहीत नसतं. आकड्यांची पट्टी मीच पेटीवर ठोकतो. ती नव्या रोलरची, म्हणजे पेटीतलं बी खाचांतून नळीत सोडणाऱ्या रुळाची, असते. तुमचा रोलर पाच हंगाम झिजलेला, तुमचं बियाणं बारीक की टपोरं ते मला ठाऊक नाही, आणि तुमच्या काळ्या रानात चाक किती घसरतं ते तर मी शेडमध्ये बसून सांगूच शकत नाही.

माझा आजा सुतार. बाभळीच्या लाकडाची पाभर, म्हणजे बैलांनी ओढायचं पेरणीचं अवजार, करायचा आणि मोबदला म्हणून खळ्यावर धान्य मिळायचं, बलुतं. पाभर कितीही नेटकी केली तरी पेरणी चांगली होणार की नाही ते चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या वाटीवर, मूठ कुणाची आहे त्यावर ठरायचं. मुठीतलं बी बोटांच्या फटीतून सारखं सोडत राहायचं, बैल थबकले की बोटं आवळायची, चालले की सैल करायची. तीनही नळ्यांत सारखं बी. आजी मागून सरत्यावर, म्हणजे पाभरीमागे ओढलेल्या वेगळ्या नळीतून, तूर सोडायची. असा हात गावात दोघा-चौघांचाच असायचा, आणि पेरणीच्या दिवसांत त्यांना जावयासारखा मान.

आमच्या अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, गावात ट्रॅक्टर आल्यावर पहिलं लोखंडी पेरणी यंत्र जोडलं. आजा म्हणाला, लोखंडी पेटीत बी तापून मरेल. अण्णांनी त्याला किर्लोस्करांची गोष्ट सांगितली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी त्याला हात लावायला तयार नव्हते. बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केलेल्या त्या घराने पुढे १९१० मध्ये औंध संस्थानातल्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, आणि तोच नांगर घरोघरी गेला. आजा एवढंच म्हणाला, "नांगराला मूठ लागत नाही, पाभरीला लागते." ते बोलणं अण्णांनी मनावर घेतलं. मूठ यंत्रात कशी आणायची, हे त्यांनी मला खडूचा तुकडा आणि वजनकाटा देऊन शिकवलं. तेच लिहितो.

आधी बियाणं. गोणपाट भिजवून पिळा, त्यावर १० ओळींत १० दाणे असे १०० दाणे ठेवा, गुंडाळा, सावलीत ठेवून ओलं राखा. पाच-सहा दिवसांनी चांगले कोंब मोजा. सोयाबीनचे ७० किंवा जास्त उगवले तर एकरी ३० किलो बी पुरतं. ६० च उगवले तर ३० ला ७० ने गुणा आणि ६० ने भागा, ३५ किलो लागेल. त्याहून फार खाली असेल तर ते बी तेलाला द्या, रानात घालू नका. आणि सोयाबीनचं पोतं ट्रॉलीतून आपटू नका. त्याची साल पातळ असते, दाणा वरून धड दिसतो पण आतला कोंब मेलेला असतो.

बीजप्रक्रिया करायची असेल तर ती यंत्र जुळवण्याआधी करा. औषध, जिवाणू खत लावलेलं बी सावलीत सुकवून घ्या. ओलं बी रोलरच्या खाचांना चिकटतं. सुकलेलंसुद्धा कोऱ्या बियाण्यापेक्षा जरा अडखळतच पडतं, म्हणून जे पेरणार तेच बी पेटीत घालून तपासा. हातमोजे घाला, हे सांगायला लागू नये, पण दरवर्षी सांगावं लागतं.

आता चाक. यंत्राच्या काटेरी चाकावरून चेन रोलरकडे जाते. म्हणजे चाक फिरलं तेवढंच बी पडतं, ट्रॅक्टर किती वेगात आहे त्याचा संबंध नाही. बहुतेक लोक चाकाचा घेर टेपने मोजतात आणि तिथेच फसतात. ४० सेंटिमीटर व्यासाच्या चाकाचा घेर येतो १.२६ मीटर. पण रानात ते चाक थोडं घसरतं, थोडं न फिरताच ओढलं जातं. म्हणून वापसा आलेल्या, म्हणजे पेरणीजोगी ओल असलेल्या, रानात जा, पेटी अर्धी भरा, फण जमिनीत घाला, चाकावर खडूची खूण करा आणि २० फेरे होईपर्यंत चला. कापलेलं अंतर मोजा, २० ने भागा. माझ्या रानात गेल्या खेपेला २० फेऱ्यांत २७ मीटर गेलं, म्हणजे एका फेऱ्याला १.३५ मीटर. १.२६ आणि १.३५ मधला फरक किरकोळ वाटतो, पण गव्हाला एकरी ४० किलोचा हिशेब धरून बसाल तर प्रत्यक्षात ३७ च किलो पडतं.

मग रुंदी. यंत्र किती लांब आहे ते मोजायचं नाही. चालू फणांची संख्या गुणिले दोन ओळींतलं अंतर, एवढीच रुंदी. आमच्या नऊ फणी यंत्रात फण साडेबावीस सेंटिमीटरवर असतात. गव्हाला नऊही चालतात, रुंदी २.०२ मीटर. सोयाबीनला ४५ सेंटिमीटर हवं म्हणून एकाआड एक बंद करून पाचच ठेवायचे. तेव्हा रुंदी पाच गुणिले ४५, म्हणजे २.२५ मीटर. यंत्र तेच, पण रुंदी वाढली. आणि पुढचं तास, म्हणजे रानातली पुढची खेप, लावताना ट्रॅक्टर तेवढा बाहेर घ्यावा लागतो, नाहीतर दोन तासांच्या जोडावर ओळी एकमेकींच्या अंगावर येतात. हे चांगल्या चांगल्या ड्रायव्हरच्या ध्यानात येत नाही.

आता घरी या. यंत्र हायड्रॉलिकवर उचला आणि खाली लाकडी ठोकळे लावा. नुसत्या हायड्रॉलिकवर टांगलेल्या यंत्राखाली हात घालायचा नाही, लिव्हर पोराच्या धक्क्यानेही खाली येतो. प्रत्येक चालू नळीला पिशवी बांधा. पाच-सात फेरे फिरवून बी नळीत उतरू द्या, पिशव्या रिकाम्या करा, पुन्हा बांधा. मग चाक हाताने सावकाश, एका लयीत ५० फेरे फिरवा.

५० फेरे गुणिले १.३५ गुणिले २.२५, झाले १५२ चौरस मीटर. एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. एकरी ३० किलो हवं तर १५२ चौरस मीटरला १ किलो १२५ ग्रॅमच्या आसपास पडायला हवं, प्रत्येक पिशवीत सुमारे २२५ ग्रॅम. जास्त पडलं तर लिव्हर मागे घ्या, कमी पडलं तर पुढे, आणि पुन्हा ५० फेरे. तीन-चार खेपांत जमतं. हा सगळा खटाटोप तासाभराचा. दुबार पेरणीला एकरी ३० किलो बी नव्याने घ्यावं लागतं, तेव्हा एक तास महाग नाही.

पिशव्या एकत्र तोलू नका, वेगवेगळ्या तोला. एका पिशवीत १८० आणि दुसरीत २७० असेल तर बेरीज बरोबर येईल आणि रान मात्र पट्ट्यापट्ट्याचं दिसेल. जिथे कमी पडतं तिथला रोलर शाफ्टवर सरकलेला असतो किंवा खाचेत मागच्या हंगामाचं खत दगड होऊन बसलेलं असतं. रोलर बदलण्याआधी स्क्रू ड्रायव्हरने खाचा खरवडून पाहा. मी हे फुकट सांगतो म्हणून मुलगा रागावतो, रोलर विकले जात नाहीत म्हणे.

गव्हाचंही असंच. वेळेवरच्या पेरणीला एकरी ४० किलो, उशिरा झाली तर ५०. हरभऱ्याला एकच आकडा धरू नका. विजय वाणासारखा मध्यम दाणा हेक्टरी ६५ ते ७० किलो, विशाल किंवा दिग्विजयसारखा टपोरा १०० किलो. वाण बदलला की लिव्हर बदलला.

शेतात पहिलं तास झालं की उतरा. एक मीटर ओळीतली माती हाताने उकरा आणि दाणे मोजा. एकरी ३० किलोच्या हिशेबाने, मध्यम दाण्याचं सोयाबीन असेल तर साधारण २८ दाणे निघावेत. ७० टक्के उगवण धरली तर २० झाडं, म्हणजे दर पाच सेंटिमीटरला एक. खोलीही तेव्हाच बघा, सोयाबीन तीन ते पाच सेंटिमीटरच्या खाली गेलं तर वर येताना मान मोडून घेतं. आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय यंत्र बाहेर काढूच नका, शेजाऱ्याने काढलं तरी.

एक चूक मी स्वतः केलेली आहे. बांधाजवळ ट्रॅक्टर उभा केला, यंत्र खाली टेकवलं आणि मग चाललो. टेकवताना दोन फणांच्या तोंडात ओली माती भरली. सातव्या दिवशी रानात दोन ओळी या टोकापासून त्या टोकापर्यंत कोऱ्या. गावभर झालं, यंत्रवाल्याच्याच रानात तास चुकलं. तेव्हापासून नियम: ट्रॅक्टर चालू लागल्यावरच यंत्र खाली सोडायचं, आणि फण जमिनीत असताना एक हातही मागे घ्यायचं नाही. मागे एक माणूस नळ्यांवर नजर ठेवायला चालवा.

खताच्या पेटीबद्दल फार लिहीत नाही. युरिया बियाण्यात मिसळू नका, आणि संध्याकाळी पेटी रिकामी करा. रात्रीच्या दमट हवेत खताचा गोळा होतो आणि पत्रा सडतो.

काढणीची यंत्रं आम्ही बनवत नाही. गव्हाला पंजाबातून हार्वेस्टर येतात. पण घरचं सोयाबीन बियाण्याला ठेवणार असाल तर मळणी यंत्राचा वेग बघा, कारण पुढच्या वर्षीच्या गोणपाटावरचे कोंब तिथेच मरतात. बियाण्यासाठी ड्रमचे फेरे मिनिटाला ४०० च्या आसपास ठेवा. हिशेब सोपा आहे. ट्रॅक्टरचा पीटीओ, म्हणजे मागचा फिरता दांडा, ५४० फेऱ्यांवर, त्यावरची पुली १२ इंची आणि ड्रमची १६ इंची असेल तर ड्रम ४०५ फेरे फिरेल. मळणीवाला घाईत असतो, त्याला तासाचे पैसे मिळतात. बियाण्याच्या चार पोत्यांपुरतं त्याला थांबवा.

लिव्हर जुळला की पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटने लिहून ठेवा: पीक, वाण, चालू फण, लिव्हरचा आकडा, तारीख. पुढच्या वर्षी पुन्हा तपासायचंच, पण सुरुवात कुठून करायची ते कळतं. जुनी यंत्रं दुरुस्तीला आली की मी आधी झाकण उघडतो. काहींवर अजून अण्णांच्या अक्षरातला गहू असतो. तेवढा भाग सोडून बाकीला रंग देतो.

हंगाम संपला की लिव्हर शून्यावर, चेनला जळकं ऑइल, नळ्या काढून गोठ्याच्या आढ्याला टांगा. यंत्रातच राहिल्या तर उंदीर पेटीत घर करतात, आणि मग मृगाच्या आधी आठ दिवस तुम्ही माझ्या शेडपुढच्या रांगेत.