चार डबे, चाळीस कार्डं: बायबलबाहेर राहिलेल्या पुस्तकांची चौकशी घरी कशी करायची

गेल्या नाताळाच्या आधीची गोष्ट. रविवारची उपासना आटोपून नागपुरातल्या सदरहून घरी आलो, पोह्यावर तर्री ओतून बसलो आणि भाच्यानं मोबाइल माझ्यापुढे धरला. "आत्या, हे वाच बरं. आपल्याला काहून नाही सांगितलं कोणी?" फॉरवर्ड नेहमीचाच: सन 325, नायसिया शहरातली धर्मसभा, रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन, बिशपांचं मतदान, येशूच्या चरित्राची चार पुस्तकं म्हणजे शुभवर्तमानं ठेवली, बाकीची जाळली. खाली ‘दहा जणांना पाठवा’.

मला रागावता आलं नाही. वीसेक वर्षांपूर्वी संडे स्कूलमध्ये मी स्वतः हीच गोष्ट सांगितली होती, फक्त आपल्या बाजूनं वळवून: बिशप बसले, प्रार्थना केली, खरी पुस्तकं निवडली. कुठे वाचलं होतं म्हणाल तर कुठेच नाही, ऐकीव. एकतीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढलेल्या बाईनं मूळ न बघता असं ठोकून द्यावं, याची लाज अजून जात नाही. म्हणून तरुण संघातल्या सात पोट्ट्यांना घरी बोलावलं आणि दोन संध्याकाळी जे केलं ते इथे लिहून ठेवते. एकट्यालाही करता येतं.

लागतं ते एवढंच: चार रिकामे डबे, चाळीस कार्डं आणि पेन्सिल. पेन नको, खूप खोडावं लागतं. आमचे डबे संत्रा बर्फीचे होते. कार्डं ग्रंथालय संगणकावर गेलं तेव्हा रद्दीत निघालेली, खालच्या बाजूला सळईचं भोक असलेली. मागची बाजू कोरी असते. यहूदाच्या पत्राच्या पाठीवर कापसावरच्या किडींचं पुस्तक निघालं, त्यावर पोरं दहा मिनिटं हसली.

सत्तावीस कार्डांवर नव्या करारातलं, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या, ख्रिस्ती भागातलं, एकेक पुस्तक लिहा. उरलेल्या तेरांवर बाहेरची: हर्माचा मेंढपाळ, बर्णबाचं पत्र, डिडाखे म्हणजे बारा प्रेषितांचं शिक्षण, पेत्राचं प्रकटीकरण, पौलाची कृत्ये, योहानाची कृत्ये, थोमाची कृत्ये, क्लेमेंटचं करिंथकरांना पत्र, पेत्राचं शुभवर्तमान, थोमाचं शुभवर्तमान, यहूदाचं (इस्कर्योताचं, पत्रवाला यहूदा वेगळा) शुभवर्तमान, याकोबाचं आद्य-शुभवर्तमान आणि लावदिकीयांस पत्र. इंग्रजी भाषांतरं इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. काही इतकी छोटी आहेत की एका बैठकीत होतात. वाचल्याशिवाय कार्ड भरू नका, नाहीतर माझ्यासारखं होईल.

प्रत्येक कार्डावर चार ओळी भरायच्या: कुणाच्या नावावर आहे, साधारण कधी लिहिलं, कोण कुठे वाचत होतं, आणि हरकत कुणी कशावर घेतली. यातली तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची. ग्रंथालयातल्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते ना, तीच ही. पुस्तक चालतं की नाही हे ती चिठ्ठी सांगते, ग्रंथालय समिती नाही. जुन्या मंडळ्यांच्या, म्हणजे गावोगावच्या ख्रिस्ती समुदायांच्या, चिठ्ठ्या थोड्या सापडतात, पण ज्या सापडतात त्या बोलक्या. सन 180 मध्ये कार्थेजला काही ख्रिस्ती लोक सुभेदारापुढे उभे केले गेले. त्यानं विचारलं, पेटीत काय आहे? उत्तर मिळालं: पुस्तकं, आणि पौल नावाच्या एका नीतिमान माणसाची पत्रं. त्यांना यादी कुणी दिली नव्हती, तरी पेटी भरलेली होती.

दुसऱ्या ओळीत सगळे एक चूक करतात. पुस्तक सापडल्याचं साल आणि लिहिल्याचं साल वेगळं. डिडाखेची प्रत 1873 मध्ये कॉन्स्टँटिनोपलला सापडली आणि 1883 मध्ये छापून आली (आपलं हिस्लॉप कॉलेज सुरू झालं तेच साल), पण मजकूर पहिल्या-दुसऱ्या शतकातला. थोमाचं शुभवर्तमान पूर्ण स्वरूपात 1945 मध्ये इजिप्तच्या नाग हम्मादीजवळ मिळालं. "नाग नदीकाठचं का?" असं एकानं विचारलं, आणि त्या संध्याकाळी ते पुस्तक आमचंच झालं. त्यात येशूची 114 वचनं आहेत, पण ना वधस्तंभ ना कबर, गोष्ट म्हणून काहीच नाही.

नावातही फसगत होते. ‘बर्णबाचं शुभवर्तमान’ म्हणून जे फिरतं ते बर्णबाचं पत्र नव्हे. पत्र फार जुनं. ते शुभवर्तमान मध्ययुगाच्या अखेरीचं, त्याची इटालियन हस्तप्रत व्हिएन्नात आहे. मोबाइलवर कुणी बर्णबा पाठवला तर आधी विचारा, कोणता?

आता डबे. हे डबे माझे नाहीत, कैसरियाचा बिशप युसेबियस याचे आहेत. चौथ्या शतकाच्या पहिल्या पावभागात लिहिलेल्या त्याच्या मंडळीच्या इतिहासात, तिसऱ्या भागाच्या पंचविसाव्या प्रकरणात, त्यानं हेच काम केलंय. पहिल्या डब्यात सर्वमान्य: चार शुभवर्तमानं, प्रेषितांची कृत्ये, पौलाची पत्रं, योहानाचं पहिलं, पेत्राचं पहिलं. दुसऱ्यात वादातली पण बऱ्याच जणांना ठाऊक असलेली: याकोब, यहूदा, पेत्राचं दुसरं, योहानाचं दुसरं नि तिसरं. तिसऱ्यात प्रेषितांची नसलेली: पौलाची कृत्ये, हर्मा, पेत्राचं प्रकटीकरण, बर्णबाचं पत्र, डिडाखे. चौथ्यात पाखंडी: पेत्राचं आणि थोमाचं शुभवर्तमान, योहानाची कृत्ये अशी.

आधी हे सांगू नका. पोरांना स्वतःच्या अकलेनं कार्डं टाकू द्या, मग युसेबियसचं वाचून दाखवा. आमच्याकडे योहानाच्या प्रकटीकरणावरून जुंपली. एक म्हणे पहिला डबा, दुसरी म्हणे तिसरा, इतकी चमत्कारिक जनावरं कोण मान्य करेल? मग मी वाचलं. युसेबियस प्रकटीकरण पहिल्या डब्यात घालतो, ‘योग्य वाटल्यास’ असं म्हणून. आणि तिसऱ्यातही घालतो, पुन्हा ‘योग्य वाटल्यास’! भाचा म्हणाला, "हा तर आपल्यासारखाच निघाला बाप्पा." आम्ही प्रकटीकरणाचं दुसरं कार्ड करून दोन्ही डब्यांत टाकलं. तशी एकूण एक्केचाळीस झाली, पण शीर्षक बदलायचा कंटाळा केला.

प्रकटीकरणावरची हरकतही ऐकण्याजोगी आहे. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचा बिशप दिओनिसियस म्हणाला की शुभवर्तमान आणि प्रकटीकरण एकाच योहानाचं नसावं, कारण एकाची ग्रीक सफाईदार आणि दुसऱ्याची व्याकरणाला धक्के देणारी. पुस्तक मात्र त्यानं फेकून दिलं नाही. आपल्याला कळत नाही म्हणून ते निरर्थक म्हणणार नाही, असा त्याचा सूर.

चौथ्या ओळीसाठी एक प्रकरण नीट रंगवून सांगा, बाकी भराभर घ्या. मी अंत्युखियाच्या सरापियनचं घेते. दुसरं शतक सरताना हा तिथला बिशप. ऱ्होसस नावाच्या गावातली मंडळी पेत्राच्या नावाचं शुभवर्तमान वाचायला मागत होती. हा तिथे गेलेला असताना म्हणाला, एवढ्यावरून भांडण होत असेल तर वाचा. पुस्तक उघडूनही पाहिलं नाही! परतल्यावर कानावर आलं की काही जण त्याच्या आधारे ख्रिस्ताला खरं शरीर नव्हतंच असं शिकवताहेत. मग त्यानं प्रत मिळवली, वाचली आणि कळवलं: बहुतेक मजकूर ठीक आहे, काही गोष्टी वरून जोडलेल्या आहेत, त्यांची यादी सोबत. पेत्राला आम्ही मानतो, पण त्याच्या नावानं खोटं लिहिलेलं असलं तर ते आमच्याकडे वाडवडिलांकडून आलेलं नाही.

यात सगळं आलं. न वाचता परवानगी, तक्रार, वाचन, परवानगी मागे. बाहेर काढण्याचं काम असं गावपातळीवर, पत्र लिहून व्हायचं. आणि ‘वाडवडिलांकडून आलं का’ हा प्रश्न आपल्याला परका नाही. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा गोळा केल्या त्याही पाहिलेल्या-ऐकलेल्या माणसांना विचारत फिरूनच.

नावाची फसवणूक भक्तीपोटीही होते. तर्तुलियन नावाचा जुना ख्रिस्ती लेखक सांगतो की आशिया प्रांतातल्या मंडळीच्या एका पुढाऱ्यानं पौलाच्या नावावर गोष्टी रचल्या, पकडला गेला, म्हणाला पौलावरच्या प्रेमापोटी केलं, आणि पद गेलं. हर्माचं उलट. त्यात खोटं काही नव्हतं, फक्त उशीर झाला होता. मुराटोरी नावाच्या अभ्यासकाला मिलानच्या ग्रंथालयात पुस्तकांची एक जुनी तुटकी यादी मिळाली, ती त्यानं 1740 मध्ये छापली. तीत हर्माबद्दल लिहिलंय की हे अगदी अलीकडे, आमच्याच काळात, रोममध्ये लिहिलं गेलं. म्हणून घरी जरूर वाचा, मंडळीत जाहीर वाचू नका. माझ्या मते सगळ्या यादीतलं सर्वांत समजूतदार वाक्य हेच.

मधल्या सुटीत पोरांना एक प्रश्न टाका: शिपाई दारात आलाय, पवित्र पुस्तकं दे म्हणतोय, तू कोणतं देशील? सन 303 मध्ये रोमन सम्राट डायोक्लेशननं धर्मग्रंथ जाळण्याचा हुकूम काढला तेव्हा हा प्रश्न खराच पडला होता. कार्थेजच्या बिशपानं, मेन्सुरियसनं, नंतर सांगितलं की आपण पाखंड्यांची पुस्तकं चर्चमध्ये ठेवून दिली होती आणि शिपाई तीच घेऊन गेले. कोणतं लपवायचं नि कोणतं जाऊ द्यायचं, याचा निवाडा नायसियाच्या बावीस वर्षं आधी झाला तो असा.

थोमाच्या कृत्यांचं कार्ड मात्र आम्ही बराच वेळ हातात धरून बसलो, कारण त्यात आपला देश आहे. थोमाला भारतात जायचं नसतं. तेव्हा येशूच त्याला हब्बान नावाच्या व्यापाऱ्याला गुलाम म्हणून विकतो. गुंडाफर राजा त्याला महाल बांधायला पैसे देतो. थोमा ते गरिबांना वाटून टाकतो आणि सांगतो, महाल स्वर्गात उभा राहिलाय. "कंत्राटदार आहे हा," असा शेरा आला. गोंडोफर्नीस नावाचा राजा वायव्येकडे खरोखर होऊन गेला, त्याची नाणी मिळाली आहेत. एवढं असूनही पुस्तक बाहेर. का? तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीचं, म्हणजे उशिराचं, आणि नवराबायकोनंही एकमेकांपासून दूर राहावं अशी त्याची शिकवण. पुस्तकात एखादी खरी गोष्ट निघाली म्हणून सगळं पुस्तक मान्य होत नाही, हे या एका कार्डावर पोरांना कळलं. मला वेगळं सांगावं लागलं नाही.

मग नकाशा पसरा आणि डबे पुन्हा हलवा, या वेळी गावागावाप्रमाणे. सीरियातल्या पेशित्ता नावाच्या सिरियाक भाषेतल्या बायबलमध्ये नव्या कराराची 22 च पुस्तकं होती. पेत्राचं दुसरं, योहानाचं दुसरं-तिसरं, यहूदा आणि प्रकटीकरण तिथे नाही. चौथ्या शतकातल्या सिनाई हस्तप्रतीत नव्या करारामागे बर्णबाचं पत्र आणि हर्मा बांधलेले आहेत. तिची पानं इंटरनेटवर आहेत, मोठी करून बघा. लावदिकीयांस पत्र कित्येक शतकं लॅटिन बायबलांच्या प्रतींत येत राहिलं. आपल्या शहरातच बघा, सेमिनरी हिल्सकडच्या कॅथलिक मित्राचं बायबल मागा, जुन्या करारात तोबीत नि मक्काबी ही पुस्तकं निघतील, आपल्या प्रॉटेस्टंट बायबलात नाहीत. नवा करार मात्र दोघांचा तोच, सत्तावीसचा.

ही सत्तावीस नेमकी, एकही कमी-जास्त नाही, अशी पहिली यादी सन 367 ची. अलेक्झांड्रियाच्या अथनासियसनं ती ईस्टरची तारीख कळवणाऱ्या वार्षिक पत्रात घातली. डिडाखे आणि हर्मा यादीत नाहीत, पण नव्यानं शिकणाऱ्यांनी वाचावेत असं तो म्हणतो. पुढे हिप्पो (393) आणि कार्थेज (397) इथल्या धर्मसभांनी तीच धरली. कॅथलिक मंडळीचा शेवटचा शिक्का ट्रेंटच्या धर्मसभेत, 1546 मध्ये. त्याआधी 1522 मध्ये प्रॉटेस्टंट पंथाचा आरंभ करणाऱ्या मार्टिन लूथरनं याकोबाच्या पत्राला गवताचं पत्र म्हणून इब्री, यहूदा नि प्रकटीकरणासोबत शेवटाला ढकललं होतं, पण काढलं नाही.

मूळ फॉरवर्डचा हिशेब शेवटी करा, सुरुवातीला नको. नायसियाला वाद झाला तो ख्रिस्त देवपित्याच्या बरोबरीचा नाही या आरियस नावाच्या धर्मगुरूच्या शिकवणीवर आणि ईस्टरच्या तारखेवर. सभेचे वीस नियम आज वाचायला मिळतात, त्यांत पुस्तकांची यादी नाही. युसेबियस त्या सभेत हजर होता. अथनासियसही होता, तरुण डीकन म्हणजे बिशपाचा मदतनीस म्हणून. मतदान झालं असतं तर यादी सांगायला त्यानं आणखी बेचाळीस वर्षं घेतली नसती. कॉन्स्टंटाइननं युसेबियसकडे पवित्र शास्त्राच्या 50 प्रती मागितल्या हे खरं, पण ती मागणी नंतरची. आणि सभेत पुस्तकं वेदीपाशी ठेवली, खोटी आपोआप बाजूला पडली, ही गोष्ट नवव्या शतकाच्या अखेरच्या एका संग्रहात येते. मी संडे स्कूलमध्ये सांगितली ती तिचीच नात.

दुसऱ्या संध्याकाळी डबे आवरताना पोरांना आठवलं की देवळातली गव्हाणी सजवायची आहे. याकोबाच्या आद्य-शुभवर्तमानाचं कार्ड भाच्याच्या हातात होतं. मरीयेच्या आईवडिलांची हन्ना नि योवाकीम ही नावं आणि गुहेतला जन्म तिथून येतो. गव्हाणीजवळचे बैल आणि गाढव तर त्याहून उशिराच्या एका पुस्तकातून. मत्तयात नि लूकमध्ये जनावराचा पत्ता नाही. "मग आत्या, बैल काढायचा का?"

बैल राहू दे म्हटलं. फक्त त्याचा एक कान मागच्या वर्षी तुटलाय, तो फेविकॉलनं चिकटव.