या चुका टाळा: घरात गळणारं सगळंच बंद करायचं नसतं

चवथीच्या आदल्या दिवशी शेजारच्या काकींनी हाक मारली. न्हाणीतल्या गीझरच्या व्हॉल्व्हमधून थेंब थेंब पाणी गळत होतं. दुसऱ्या दिवशी घरभर पाहुणे येणार, म्हणून त्यांच्या मुलाने व्हॉल्व्हच्या तोंडात लाकडाचं बूच ठोकून वरून एम-सील थापलं होतं. "आता एक थेंब येत नाही बघ," काकी कौतुकाने म्हणाल्या. मी आधी गीझरचं बटण बंद केलं आणि मग त्यांना काय झालंय ते सांगितलं.

पाणी तापलं की फुगतं. 15 लिटरच्या गीझरमधलं पाणी 25 अंशांवरून 60 वर गेलं की साधारण 200 मिली, म्हणजे पेलाभर पाणी जास्तीचं होतं. व्हॉल्व्ह ते मागे नळात जाऊ देत नाही, म्हणून ते थेंबाथेंबाने बाहेर सोडतो. बऱ्याच घरगुती गीझरांचा व्हॉल्व्ह 8 बारच्या आसपास उघडतो. तो बुजवला आणि त्यात थर्मोस्टॅट बिघडला, तर दाबाला जायला दुसरी वाट उरत नाही. टाकी फुटते ती अशीच. तापताना पडणारे थेंब म्हणजे यंत्र नीट चालतंय. गीझर गार असतानाही धार लागली असेल तर मात्र प्लंबर बोलवा. व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलेला असतो, किंवा नव्या प्रेशर पंपाचा दाब जास्त होतोय. थेंबांचा त्रास होत असेल तर व्हॉल्व्हला एक नळी लावून तिचं तोंड मोरीत सोडा. काकींकडे शेवटी तेच केलं.

एसीचं उलटं. तिथे घरात गळणारा थेंब हा दोष आहे. पावसाळ्यात आपल्याकडची हवा इतकी ओली असते की एसी दिवसाला कित्येक लिटर पाणी पिळून काढतो. ते बाहेर नेणाऱ्या नळीत शेवाळासारखा चिकट थर बसला, नळीला उतार नसला, किंवा तिचं टोक खालच्या बादलीतल्या पाण्यात बुडालं, की पाणी मागे फिरून भिंतीवर उतरतं. आधी एमसीबी (वीज तोडणारी कळ) खाली करा, फिल्टर काढून धुवा आणि नळीचं टोक मोकळं आहे ना ते बघा. फिल्टर धुळीने बुजला तरी आतल्या कॉइलवर बर्फ धरतो आणि एसी बंद केल्यावर तो वितळून पाणी पडतं. एसी रोज चालत असेल तर फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुवावा. पाच मिनिटांचं काम, पण तेच राहून जातं.

याच बर्फापायी मी स्वतः फसलो आहे. कॉइलवर बर्फ धरलेला, हवा गार येईना, मेकॅनिक म्हणाला गॅस संपला. लागोपाठ दोन वर्षं गॅस भरून घेतला. तिसऱ्या वर्षी दुसऱ्या माणसाने बाहेरच्या युनिटच्या नटावर साबणाचा फेस लावला आणि मला जवळ बोलावलं. फेसातून बारीक बुडबुडे येत होते. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतच फिरत राहतो, आणि कमी झाला तर कुठून तरी गळतोय. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे भोक पडलेल्या कळशीत पाणी ओतणं. नव्या एसींत बहुधा आर-32 असतो आणि तो पेट घेऊ शकतो, तेव्हा घरी नट पिळायच्या फंदात पडू नका.

मोरजी-मांद्रेसारख्या किनाऱ्यालगतच्या घरांत बाहेरच्या युनिटला खारा वारा खातो. लोक काय करतात, तर पावसाळा आला की त्याला ताडपत्री गुंडाळतात. आत दमट हवा कोंडते आणि गंज वाढतो. कोणी चुकून एसी लावला तर युनिट गुदमरतंच. ते पावसात राहायलाच बनवलेलं असतं. त्यापेक्षा वीज बंद करून गोड्या पाण्याने, बागेच्या साध्या नळीने हलकेच धुवा. गाडी धुवायचा जोराचा फवारा नको, अॅल्युमिनियमच्या पात्या वाकतात.

न्हाणीत गॅस गीझर असेल तर दोन वाक्यं नीट वाचा. जुन्या न्हाणीत भाणाखाली, म्हणजे पाणी तापवायच्या हंड्याखाली, चुडतं (माडाची सुकी झावळं) पेटली की धूर डोळ्यांना झोंबायचा आणि माणूस आपसूक बाहेर यायचा. गॅस गीझरच्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. दार-खिडकी बंद करून अंघोळ करताना माणसं बेशुद्ध पडली आहेत, जीवही गेले आहेत, म्हणून तो गीझर न्हाणीबाहेर मोकळ्या हवेतच बसवा.

आता गच्चीवर. सौर बंबाच्या टाकीतून एक उघडी नळी वर गेलेली असते. पाला पडतो, कधी वाफ दिसते, म्हणून तिला टोपण लावलेलं मी दोन घरांत पाहिलंय. साध्या, बिनदाबाच्या बंबात ती हवेची वाट असते. ती बंद केली आणि खालून पाणी काढलं की आत पोकळी होऊन टाकी चेपते. पाला नको असेल तर तोंडावर जाळी बांधा. आणि मे महिन्यात गावाहून परत आलात, टाकी कोरडी दिसली, तर भर दुपारी पाणी सोडू नका. उन्हात तापलेल्या काचेच्या नळ्या गार पाण्याने तडकतात. रात्रभर थांबा, पहाटे भरा.