लेकरांचा निसर्ग कॅम्प घ्यायचाय? मग आधी रानडुकराचं बोला

दिवस नोव्हेंबर ते जानेवारीचे, मुक्काम एकच, लेकरं तीसच्या वर नकोत आणि दहा जणांमागं एक मोठं माणूस. संमतीपत्रं, टॉर्च, पाणी, प्रथमोपचार पेटी हे काय तुम्हाला सांगायचं. नायगावचं मयूर अभयारण्य, येडशी रामलिंग किंवा गौताळा असं कुठं जाणार असाल तर वनविभागाची लेखी परमिशन आधी हातात घ्या आणि झोपायची सोय जवळच्या गावातल्या शाळेत करा.

पण अभयारण्यच पाहिजे असं कुणी सांगितलं? गावाबाहेरचं माळरान, ज्याला सगळे पडीक म्हणून सोडून देतात, तिथं खोकड, ससे, चंडोल, नशीब असलं तर काळवीट आणि लांडगा. म्हणूनच कॅम्पच्या शेवटी माळावर खड्डे खणून झाडं लावायचा कार्यक्रम ठेवू नका, फोटो झकास येतात पण या जनावरांना उघडं गवतच लागतं, तिथं झाडांची गर्दी केली की त्यांचं घरच गेलं. शेकोटी पण माळावर नको, वाळलं गवत पेटायला एक ठिणगी बस.

संध्याकाळी पायवाटेवर दोन-तीन ठिकाणी बारीक फुफाटा, म्हणजे मऊ धूळ, पसरून हातानं सपाट करून ठेवा. सकाळी त्यावर ठसे मिळतात.

आता अवघड भाग, जेवणानंतरची बैठक. इथं मी पूर्वी दरवेळी अडकायचो, आणि बहुतेक कॅम्प इथंच झोपतात. तुम्ही पीपीटी लावता, वाघ दाखवता, अन्नसाखळी सांगता, आणि मागून एक पोरगं म्हणतं, "सर, डुकरांनी आमचा सगळा भुईमूग उकरला, पप्पा रोज जागलीला जातेत, मग त्यांला कशाला वाचवायचं?" सगळी लेकरं हसतात आणि तुमचा कॅम्प तिथंच संपतो. यावर "निसर्गाचा समतोल" असं उत्तर देऊ नका. त्या पोराच्या घरचं नुकसान खरं आहे आणि ते त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहिताय.

म्हणून हा प्रश्न यायची वाट बघत बसू नका, बैठक त्यानंच सुरू करा. पीपीटी बंद. फळ्यावर चार रकाने आखा: जनावर, पीक, महिना, वेळ. प्रत्येकानं आपल्या वावरातलं सांगायचं. रोही (म्हणजे नीलगाय), हरणं, डुकरं, मोर, सगळं येतं, आणि एरवी तोंड न उघडणारी लेकरं पण बोलायला लागतात कारण हा विषय त्यांचाय. तासभर लागला तर लागू द्या, मधे अजिबात शिकवू नका.

दोन गोष्टी मात्र पक्क्या ध्यानात ठेवा. "तुमच्या घरी फासे लावतात का, कुंपणाला करंट सोडतात का" हे कुणालाच सगळ्यांसमोर विचारायचं नाही, लेकरू बापाच्या विरोधात कसं बोलणार? करंटनं जनावराबरोबर माणसंही मरतात एवढं तुम्ही आपणहून सांगा आणि पुढं चला. दुसरं, वर्गात पारधी समाजाचं लेकरू असेल तर शिकारीचा विषय निघाला की सगळ्यांच्या माना त्याच्याकडं वळतात. ते होऊ देऊ नका, तसं कुणी बोललं तर तिथंच गप्प करा.

मग सकाळी उजाडायच्या आत, आधी विचारून ठेवलेल्या एखाद्या शेतकऱ्याच्या बांधावर जा आणि फळ्यावरचं खरं का ते तपासा. डुक्कर नाकानं माती उकरतं, मुळासकट काढतं. रोही वरचे शेंडे खातो, आणि पुन्हा पुन्हा एकाच जागी लेंड्या टाकतो, तो ढीग दिसला की लेकरं लगेच ओळखायला लागतात. मोर पेरलेलं दाणं टिपतो. "सगळं डुकरानंच केलं" म्हणणारी पोरं इथं स्वतःच भांडायला लागतात, नाही सर हे रोह्याचं हाय. एवढं झालं की तुमचं अर्धं काम झालं. तिथंच वनरक्षकाला बोलवा, पण भाषण नको, पीकनुकसानीच्या भरपाईचा अर्ज कसा भरायचा, पंचनाम्याला काय लागतं एवढंच दाखवू द्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची कलमं वाचून दाखवणारा असेल तर त्याला चहा पाजा आणि मोकळा करा.

जमलं तर एखाद्या मेंढपाळालाही बोलवा. लांडग्यानं त्यांची कोकरं नेलेली असतात, तरी ते त्याच माळावर राहतात, रात्री मेंढरं जाळीत कोंडून कुत्री कशी राखतात ते ऐकायला लेकरं हलत नाहीत. फक्त "लांडगा आला की डुकरं संपतील" असलं खोटं आश्वासन तुम्ही देऊ नका, पोरं दोन वर्षांनी विचारतात.

फुफाट्यावरचे ठसे बघून या. लांडग्याचा आणि मोठ्या कुत्र्याचा ठसा सारखाच दिसतो, ठाम सांगू नका. तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा मोठा असतो, ते मात्र सांगता येतं.

नाष्ट्यानंतर घुबडाच्या गोळ्या, म्हणजे न पचलेली हाडं-केस घुबड तोंडातून बाहेर टाकतं त्या. जुना वाडा किंवा पडक्या घरात गव्हाणी घुबड असेल तर खाली पडलेल्या सापडतात. हातमोजे घालून काडीनं फोडायच्या, आत उंदरांची जबडी आणि हाडं निघतात, घुबडाला अपशकुनी म्हणणाऱ्या घरचं पोरगं ती मोजत बसतं.

जाताना वहीच्या पहिल्या पानावर वनविभागाचा हेल्पलाइन नंबर १९२६ लिहून घ्या. सर्टिफिकेट छापू नका, त्या पैशात शाळेला एक बायनॉक्युलर घ्या, ८ बाय ४० (आठपट मोठं दाखवणारं, ४० मिमी भिंगाचं) चालतं, दहा बाय पन्नासचं लेकरांच्या हातात जड होतं.