ई-लिक्विड घरी मिसळताय? या चुका टाळा

ई-लिक्विड म्हणजे ई-सिगारेटमध्ये भरायचं द्रव. २०१९ च्या कायद्यानं भारतात ई-सिगारेटचं उत्पादन, विक्री आणि साठवण सगळंच बंद आहे. त्यामुळे हे ब्रिटनसारख्या, घरी लिक्विड मिसळायला मुभा असलेल्या देशातल्या प्रौढ व्हेपरांसाठी, म्हणजे ई-सिगारेट ओढणाऱ्यांसाठी. जे ओढत नाहीत त्यांनी या भानगडीत पडूच नये.

सगळ्यात जास्त माल वाया जातो तो घाईनं. स्ट्रॉबेरी कस्टर्डचंच घ्या. नवखा थेट १०० मिली बनवतो: स्ट्रॉबेरी ६ टक्के, कस्टर्ड ४ टक्के. त्याच संध्याकाळी ओढून बघतो. अत्तरासारखा उग्र वास, कस्टर्डचा पत्ता नाही. मग कस्टर्ड आणखी ५ टक्के. दुसऱ्या दिवशी स्ट्रॉबेरी दबली म्हणून तीही ६ टक्के. एकूण गेलं २१ टक्क्यांवर. तीन आठवड्यांनी बाटली उघडली की कस्टर्ड नाकातोंडात बसतं आणि स्ट्रॉबेरी गायब. यात नवल काही नाही. कस्टर्ड मुरायला दोन ते चार आठवडे घेतं आणि तेवढ्यात स्ट्रॉबेरी हळूहळू उडत जाते. पहिल्या दिवशीच्या चवीवरून काहीही ठरवू नये, हे किती वेळा सांगायचं?

घातलेला फ्लेवर काढता येत नाही. उपाय एकच: तेवढाच, म्हणजे १०० मिली, बिनफ्लेवरचा पीजी-व्हीजी (प्रोपिलीन ग्लायकॉल आणि व्हेजिटेबल ग्लिसरीन) बेस ओतून पातळ करायचं. साधारण ६ आणि ४.५ टक्क्यांवर येतं. निकोटिनही निम्मं होतं, ते धरून चाला. मग आठवडाभर हात लावू नका. तरीही स्ट्रॉबेरी कमी वाटली तर फक्त तीच अर्धा टक्का.

मुळात पहिली बाटली १० मिलीचीच करावी. नवा कॉन्सन्ट्रेट (फ्लेवरचा अर्क) आला की आधी एकटाच चाखावा. कॅपेला किंवा टीएफए या कंपन्यांची बरीच फळं ४ ते ६ टक्क्यांना बोलतात, फ्लेवरआर्ट आणि इनावेराला अनेकदा १ ते ३ पुरे होतात. एकाच्या रेसिपीत दुसऱ्याची बाटली तेवढ्याच टक्क्यांनी ओतणाऱ्यांना काय म्हणावं!

सिरिंजनं मिली मोजण्याचा नादही सोडा, वजन करा. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा स्वस्तात मिळतो. ३० मिली, ७०/३० चं (७० टक्के व्हीजी, ३० टक्के पीजी), ८ टक्के फ्लेवरचं लिक्विड असं: फ्लेवर २.४ ग्रॅम, पीजी ६.८ ग्रॅम, व्हीजी २६.५ ग्रॅम. व्हीजी जड असतं (१ मिली म्हणजे १.२६ ग्रॅम), म्हणून मिली आणि ग्रॅम एकच समजलात की गणित फसतं. आधी फ्लेवर, शेवटी व्हीजी. चुकून जास्त थेंब पडला तर बाकीचं त्या हिशेबानं वाढवता येतं.

गोडपणा: सुक्रालोज जरा जास्त झालं की कॉइल (लिक्विड तापवणारी तार) काळी पडते. एथिल माल्टॉल (गोडसर चवीचं रसायन) वाढलं की बाकीचे स्वाद दबतात. फळ फिकं लागलं की आधी गोडी कमी करून बघावी, आमच्याकडे तरी तोच रिवाज.

गरम पाण्यात बाटली ठेवून 'लवकर मुरवणं': निकोटिन काळपट होतं, कस्टर्ड मात्र कच्चंच.

स्वयंपाकघरातला इसेन्स, इसेन्शियल ऑइल, तेलात विरघळवलेला कुठलाही फ्लेवर: नाही म्हणजे नाही. तेल फुफ्फुसात गेलं की लिपॉइड न्यूमोनियाची (तेलामुळे होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजाराची) भीती असते. कस्टर्ड, बटर असल्या फ्लेवरमध्ये डायासिटिल (लोण्याची चव देणारं रसायन) नाही ना, हे लेबलवर बघा. खायला ते चालतं, पण पॉपकॉर्न कारखान्यातल्या कामगारांची फुफ्फुसं त्याच्या वाफेनं निकामी झाली होती. ब्रिटनमध्ये ई-लिक्विडात ते घालायला बंदी आहे.

दालचिनी, लिंबू, बडीशेप यांच्या फ्लेवरनं ई-सिगारेटची प्लास्टिकची टाकी तडकते. काचेचीच वापरा.

निकोटिन शॉट (निकोटिनची छोटी बाटली) ओतताना हातमोजे घाला, बाटली मुलांच्या हाती न लागेल अशी कुलपात ठेवा. बाटलीवर तारीख, टक्के आणि निकोटिन किती ते त्याच वेळी लिहा. आठवड्यानंतर कुणालाच आठवत नाही.